ड्राइव्ह तयार नाही

निवृत्त माणसाच्या हाती स्क्रूड्रायव्हर देऊ नये, असा एक साधा नियम सरकारने केला असता तर निम्म्या घरांतली घड्याळं, पंखे आणि संसार आज बरे चालले असते. पण सरकारला नको तिथे नियम करायची हौस आणि हवा तिथे आळस. ही गोष्ट ज्यांची आहे त्या निरीक्षकांना हे वाक्य मुळीच आवडलं नसतं, कारण नको तिथले बरेचसे नियम त्यांनी स्वतः केले होते.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्याचे निरीक्षक. हयातभर दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा आणि नसेल त्या दुकानदाराकडे असं बघायचं, की त्याने घरी जाऊन पोरांना प्रामाणिकपणाचे धडे द्यावेत. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांची खुर्ची काढून घेतली, नजर काढून घ्यायची राहिली. इमारतीत सगळे त्यांना अजून निरीक्षकच म्हणत. बायकोही म्हणे, पण तिचा सूर जरा वेगळा असे. विशेषतः बाहेर जायच्या वेळी. कारण निरीक्षक बनियनवर दारात उभे राहून "मी तयार आहे" असं जाहीर करत, आणि मग दाढी करायला जात.

प्रकरणाला तोंड फुटलं ते एका रविवारी, जेवणानंतर, साडूंमुळे. साडू हे नातं मोठं चमत्कारिक. त्या माणसाची निवड आपण केलेली नसते, आपल्या सासऱ्यांनी केलेली असते, आणि तुलना मात्र जन्मभर आपल्याशी होते. हे साडू फरशांचे व्यापारी. कुणाच्याही घरी गेले की आधी पायाखाली बघत, मग यजमानाकडे, आणि दोन्ही एकाच प्रतीचे असल्यासारखा चेहरा करत. त्या दिवशी सुपारी चघळत ते खिडकीपाशी गेले आणि तिथल्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं आच्छादन त्यांनी दोन बोटांनी उचललं.

"अरेच्चा! मला वाटलं शिवणयंत्र आहे."

"शिवणयंत्र असतं तर उपयोग तरी झाला असता," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आच्छादनाखाली होता घरगुती संगणक, त्या जमान्यातला, जेव्हा संगणक आणि कळफलक एकाच खोक्यात येत आणि पडदा म्हणून घरातल्या टीव्हीला वायर लावावी लागे. उजव्या कुशीत एक फट. तिच्यात चौकोनी फ्लॉपी सरकवायची, आतला ड्राइव्ह ती फिरवून वाचणार आणि मग पडद्यावर जे काय व्हायचं ते होणार. बरीच वर्षं काहीच होत नव्हतं. पण जन्मभर दुसऱ्यांची मापं काढणाऱ्या निरीक्षकांनी हा एवढाच एक सौदा कुणाला न विचारता, काहीही न मोजता, नुसता आवडला म्हणून केला होता. ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत. सांगायला विचारणारं तरी कोण होतं?

"चालतो का?" साडूंनी विचारलं.

"चालतो. फ्लॉपी ड्राइव्ह तेवढा जरा..."

"म्हणजे गाडी झकास आहे, फक्त चाकं फिरत नाहीत."

"दुरुस्त होण्यासारखा आहे तो."

"गेली किती वर्षं?"

साडूंच्या बायकोला, म्हणजे निरीक्षकांच्या मेहुणीला, इथे हसू आलं आणि तिने ते पदरात लपवायचा जरासाही प्रयत्न केला नाही. निरीक्षकांचं पित्त खवळलं. खात्यात असते तर त्यांनी साडूंचं दुकान सील केलं असतं. आता हाती फक्त शब्द होता, तो त्यांनी दिला.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला या. ड्राइव्ह बदलून, चालू करून दाखवतो. नाही दाखवला, तर तुमच्या डोळ्यांदेखत मी स्वतःच्या हाताने हा भंगारवाल्याला देईन."

"भंगारवाला मी घेऊन येतो," साडू म्हणाले. मोठे मदतशील गृहस्थ.

"आणि खिडकीत माझी खुर्ची येईल," स्वयंपाकघराने करारावर तिसरी सही केली.

*

खरं तर तेव्हा फक्त एक रबरी पट्टा बदलायचा होता. निरीक्षकांनी खोकं उघडलं तर ड्राइव्हमधला, मोटरच्या जोरावर फ्लॉपी फिरवणारा पट्टा वितळून डांबर झाला होता. बाकी सगळं जागच्या जागी. एवढ्यावर गोष्ट संपायची, पण तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक नेमके त्याच वेळी पेपर परत करायला आले.

प्राध्यापकांनी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं होतं आणि अर्थशास्त्र सोडून कुठल्याही विषयावर सल्ला द्यायची त्यांची तयारी असे. त्यांनी ड्राइव्हकडे बघितलं, चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं.

"इलॅस्टिक," ते म्हणाले.

"कसलं?"

"पायजम्याचं. ताण म्हणजे ताण. मोटरला काय कळतंय तो कुठून आलाय?"

हा युक्तिवाद निरीक्षकांना पटला, यावरून त्यांची मनःस्थिती ओळखावी. त्यांनी स्वतःच्या एका पायजम्याचा बळी दिला. इलॅस्टिक बसलं, फ्लॉपी घातली, बटण दाबलं. ड्राइव्ह फिरला. नुसता फिरला नाही, इतक्या वर्षांचा अनुशेष एका दमात भरून काढायचा असल्यासारखा घोंगावला. मग इलॅस्टिक कशात तरी अडकलं, 'कट्' असा आवाज झाला आणि फ्लॉपी वाचणारी आतली नाजूक भुजा तुटून टेबलाखाली गेली.

"बघा," प्राध्यापक उठत म्हणाले, "सिद्धांत बरोबर होता. ताण जरा जास्त झाला."

आणि निघून गेले. सल्ला देणाऱ्या माणसाची एक मोठी सोय असते. त्याचं घर वेगळ्या मजल्यावर असतं.

अशा रीतीने पट्टा बदलायचं काम अख्खा ड्राइव्ह बदलायचं काम झालं. शहरातल्या संगणकाच्या दुकानांत निरीक्षकांनी चौकशी केली. पहिल्या दुकानदाराने त्यांना पुराणवस्तूंच्या दुकानाचा पत्ता दिला. दुसऱ्याने बसायला खुर्ची दिली आणि वयाची चौकशी केली. शेवटी परदेशातला एक गृहस्थ जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकतो असा शोध लागला. निरीक्षकांनी त्याला पत्र लिहून वस्तूची लांबी, रुंदी, जाडी, वेष्टनासह व वेष्टनाविना वजन आणि मोजमापाची पद्धत विचारली. त्याचं उत्तर आलं, "महाशय, तो फ्लॉपी ड्राइव्ह आहे." निरीक्षकांना हे उत्तर अपुरं वाटलं, पण पर्याय नव्हता.

पार्सल आलं. म्हणजे शहरात आलं. घरी आली ती चिठ्ठी. परदेशी पार्सल कचेरीत ओळखपत्र घेऊन समक्ष हजर व्हावं.

*

पार्सल कचेरीच्या खिडकीमागे एक कारकून होता. तो पेंगत नव्हता, चहाला गेलेला नव्हता आणि उद्धटही नव्हता. त्यामुळे निरीक्षक सुरुवातीलाच बेसावध झाले.

"यात काय आहे?"

"फ्लॉपी ड्राइव्ह."

"नवीन की वापरलेला?"

"जुना आहे. पण वापरलेला नाही."

कारकुनाने समोरच्या पडद्यावर बघितलं. "नवीन किंवा वापरलेला. जुना न वापरलेला असा रकाना नाही."

"पंचवीस वर्षं खोक्यातच आहे तो. कुणी हात लावलेला नाही."

"पंचवीस वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही, त्याची तुम्हाला एवढी निकड का?"

हा प्रश्न सरकारी नव्हता, माणुसकीचा होता, म्हणून जास्त लागला. निरीक्षकांनी ताठ होऊन आपलं पद सांगितलं. 'निवृत्त' हा शब्द जरा हळू उच्चारला. कारकुनाने मान डोलावली. "साहेब, तुम्ही आपल्यातलेच की. कशाला लांबवायचं? नवीन लिहितो. वजन करतो आणि देतो."

त्याने पार्सल काट्यावर ठेवलं, आकडा टिपला, उचललं आणि खिडकीतून पुढे केलं. निरीक्षकांनी हात पुढे केला. पार्सल आणि हात यांच्यात वीतभर अंतर होतं. या वीतभर अंतरात दुसऱ्या कुठल्याही माणसाने पार्सल घेतलं असतं.

निरीक्षकांनी काट्याकडे बघितलं.

"याच्यावर चालू वर्षाचा शिक्का नाही," ते म्हणाले.

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा. दर वर्षी काटा तपासून घ्यावा लागतो. याच्यावरचा शिक्का..." ते चष्मा सावरत खिडकीतून आत वाकले. "हा शिक्का तर मीच मारलेला आहे! म्हणजे मी निवृत्त व्हायच्या आधीचा. हा काटा कायद्याने बाद आहे."

कारकुनाचा हात हवेत थांबला. "म्हणजे याच्यावर केलेलं वजन?"

"ग्राह्य नाही."

"आणि वजन ग्राह्य नसताना मी पार्सल दिलं तर?"

"नियमबाह्य." हा शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच निरीक्षकांना तो परत गिळावासा वाटला. पण शब्द आणि टूथपेस्ट, दोन्ही परत आत जात नाहीत.

"बरं झालं सांगितलंत साहेब," कारकून मनापासून म्हणाला. "नोकरीवर आली असती." आणि त्याने पार्सल कपाटात ठेवून कुलूप लावलं. "काटा तपासून आला की लगेच घेऊन जा."

"कोण नेणार तपासायला?"

"आमच्याकडे माणूस नाही. आणि हरकत तुमची आहे."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पार्सल हातात येत होतं?"

"जवळजवळ."

"आणि गप्प बसता आलं नाही?"

"अगं, काट्यावर यंदाचा शिक्का नव्हता!"

"तुमच्या जिभेवर मारायला हवा होता एक," ती म्हणाली आणि टेप घेऊन खिडकीचं माप घ्यायला गेली. खुर्चीसाठी.

*

मंगळवारी निरीक्षक पार्सल कचेरीचा काटा मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले आणि आपल्या जुन्या कचेरीत उतरले. मनातून ते खूश होते. तिथे सगळे आपलेच होते. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचा हाताखालचा माणूस बसत होता, ज्याला त्यांनी स्वतः घडवलं होतं. तो लगबगीने उठला, नमस्कार केला, पाणी मागवलं, वहिनींची चौकशी केली. मग टेबलावरच्या काट्याकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"साहेब, आज मंगळवार."

"मग?"

"पडताळणी गुरुवारी."

"अरे, मी आहे!"

"म्हणून तर." त्याने अदबीने मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे काचेच्या चौकटीत नियम लावले होते आणि खाली निरीक्षकांची स्वतःची वळणदार सही होती. "काटे फक्त गुरुवारी. तुम्हीच केलंत साहेब. तुम्ही म्हणाला होता, एकाला सवलत दिली की रांगच मोडते. मी अजून पोरांना तुमचं उदाहरण देतो."

निरीक्षकांनी नियम वाचले. भाषा अत्यंत स्वच्छ होती. पळवाट नव्हती. पळवाट राहू नये म्हणून त्यांनी तेव्हा पंधरा दिवस खपून मसुदा केला होता.

"ठीक आहे. काटा ठेवून जातो. गुरुवारी तपासा."

शिष्य कासावीस झाला. "काटा कुणाचा आहे साहेब?"

"पार्सल कचेरीचा."

"मग नियम चार. काटा वापरणाऱ्याने समक्ष आणावा. तिऱ्हाइताकडून स्वीकारला जाणार नाही."

तिऱ्हाईत! ज्या कचेरीत आपल्या चपलांच्या आवाजावर लोक पेन उचलत, तिथे आपण तिऱ्हाईत. निरीक्षकांनी काटा उचलला. शिष्याने दार उघडून धरलं, टॅक्सीपर्यंत सोडायला आला, काटा मांडीवर नीट ठेवून दिला आणि पाया पडला. इतक्या आदराने अपमान करायला फार चांगलं शिक्षण लागतं, आणि ते निरीक्षकांनीच दिलेलं होतं.

गुरुवारी ते कारकुनाला घेऊन पुन्हा गेले. कारकून मजेत होता. सरकारी कामासाठी खिडकी बंद ठेवायची संधी त्याला नोकरीत पहिल्यांदाच मिळत होती. वाटेत त्याला चहा हवा होता, मग पान, मग आपल्या मेव्हण्याच्या दुकानाचा काटाही असाच बाद असेल का, हा सल्ला. शिष्याने प्रमाण वजनं मांडली, काटा तपासला, पुन्हा तपासला.

"साहेब, काटा अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "केसाचाही फरक नाही. तुम्ही पास केलेला काटा, बिघडेल कसा?"

शिक्का बसला. जे वजन आधीच बरोबर होतं ते आता कायदेशीरही झालं. पार्सल पुन्हा काट्यावर चढलं, पहिल्याच आकड्यावर काटा थांबला, आणि निरीक्षकांनी पार्सल घेतलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते, म्हणजे दुसरं काही दिसायला नको.

*

नवा ड्राइव्ह देखणा होता. खोक्यात बसलाही चपखल. फक्त फ्लॉपी बाहेर काढायचं बटण खोक्याच्या भोकासमोर यायच्याऐवजी बोटभर खाली आलं. जुन्या ड्राइव्हचं बटण वर, नव्याचं खाली. फ्लॉपी आत जाणार आणि कायमची राहणार, घरजावयासारखी.

प्राध्यापकांनी तापलेल्या सळईचा सल्ला दिला. निरीक्षकांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे गेले. इतक्या नाजूक जागी कोरणारा माणूस इमारतीत दुसरा नव्हता. डॉक्टर भले गृहस्थ, पण खालच्या आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती. "आणा की!" ते गरजले. "रविवारी सकाळी आणा. फारसे पेशंट नसतात."

रविवार म्हणजे तोच रविवार. पण दुसरा दिवस नव्हता.

दवाखान्यात दोनच पेशंट होते, गाल धरून बसलेले. त्यांच्यासमोरून निरीक्षक खोकं घेऊन थेट आत गेले. डॉक्टरांनी ते खुर्चीत आडवं केलं, वरचा दिवा ओढला, मास्क चढवला आणि सवयीने म्हणाले, "आ करा."

"उघडंच आहे, डॉक्टर."

"हं. कधीपासून त्रास आहे?"

यंत्र सुरू झालं. दाताचं यंत्र दातावर चालताना जो आवाज येतो तोच काळजाला पुरेसा असतो. प्लॅस्टिकवर चालताना येतो तो आवाज कुठल्याही पेशंटने बंद दाराबाहेर बसून ऐकू नये. त्यातून जळका वास आला. त्यावर डॉक्टरांचा आवाज, "घाबरू नका, थोडं अजून कापावं लागेल, मुळापर्यंत गेलंय!" निरीक्षक बाहेर आले तेव्हा बाकं रिकामी होती. एक पेशंट चपला विसरून गेला होता.

"दर सहा महिन्यांनी दाखवत जा," डॉक्टरांनी बजावलं.

भोक मात्र कोरलं होतं अगदी सुबक. निरीक्षक वर आले, टीव्हीची वायर लावली, आणि शेवटचा स्क्रू पिळत असताना जिन्यात साडूंचा आवाज ऐकू आला. करून बघायला वेळच उरला नाही.

साडू आले. मागून मेहुणी आली. आणि तिच्या मागून, दाराबाहेर चपला काढून, खांद्याला लोखंडी आकड्याचा वजनकाटा लटकवलेला भंगारवाला आला. दिला शब्द पाळणारे लोक अजून जगात आहेत.

"काय निरीक्षक," साडू हात चोळत म्हणाले, "आधी जेवण की आधी नामुष्की?"

"आधी यंत्र," निरीक्षक म्हणाले. प्राध्यापक न बोलावता येऊन पुढच्या खुर्चीवर बसले होते.

फ्लॉपी आत गेली. 'टक्' असा गोड आवाज आला. निरीक्षकांनी बटण दाबलं. पडदा उजळला. ड्राइव्हवरचा हिरवा दिवा लागला आणि आतून घरघर ऐकू आली. मऊ, एकसारखी, मांजर मांडीवर आल्यासारखी. ती घरघर निरीक्षकांनी कितीतरी वर्षांनी ऐकली. मेहुणी टाळी वाजवायला लागली होती. मग पडद्यावर अक्षरं उमटली.

ड्राइव्ह तयार नाही.

निरीक्षकांनी पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला, ड्राइव्ह घरघरला, आणि यंत्राने पुन्हा कळवलं, ड्राइव्ह तयार नाही.

"फिरतोय की," प्राध्यापक म्हणाले. "दिवा लागलाय. मग तयार नाही म्हणजे काय?"

प्रकार असा होता, आणि तो पुढे त्या परदेशी विक्रेत्यानेच एका ओळीत कळवला. नव्या ड्राइव्हचा जन्म नंतरच्या यंत्रांसाठी झालेला. ती यंत्रं भोळी; ड्राइव्ह फिरतोय म्हणजे तयार असणार, असं धरून चालणारी. हे जुनं यंत्र तसं नव्हतं. ड्राइव्ह फिरला तरी त्याने एका वेगळ्या तारेवरून 'मी तयार आहे' अशी रीतसर वर्दी द्यावी, अशी त्याची अपेक्षा होती. वर्दी नाही तर ड्राइव्ह नाही. माणूस जिवंत समोर उभा, पण हयातीचा दाखला कुठाय? एक तार हलवली की काम झालं असतं. त्या क्षणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण यंत्राच्या त्या निर्विकार नकारात निरीक्षकांना काहीतरी ओळखीचं वाटत होतं. त्यांना त्याचा रागसुद्धा येईना. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

"चला," साडू म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

निरीक्षकांनी वायर काढली. स्वतः काढली, साडूंना हात लावू दिला नाही. आच्छादन घडी घालून वर ठेवलं आणि खोकं उचलून, छातीशी धरून दारापर्यंत नेलं. प्राध्यापकांनादेखील सल्ला सुचला नाही. भंगारवाल्याने दोरी बांधली, काटा वर धरला, आणि आकड्याला खोकं लटकलं. ते हवेत हळूहळू फिरत होतं.

निरीक्षकांनी मान फिरवायला हवी होती. पण सवय. त्यांनी काट्याकडे बघितलं.

मग ते वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले. आणि सरळ उभे राहिले तेव्हा ते चांगले दोन बोटं उंच झाले होते.

"शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का साहेब?" भंगारवाला म्हणाला. "वडिलांच्या काळापासूनचा काटा आहे हा."

"म्हणजे वडिलांच्या काळापासून बेकायदेशीर. या काट्यावर माझ्या दारात व्यवहार होणार नाही. आधी तपासून आणा."

"कुठे मिळेल तपासून?"

"वजनमापे कचेरी. गुरुवारी. स्वतः जायचं, तिऱ्हाईत चालत नाही."

"आणि या गुरुवारी नाही जमलं तर?"

"पुढच्या," निरीक्षक म्हणाले. इतका सुंदर शब्द त्यांनी नोकरीतही उच्चारला नव्हता. "दर आठवड्याला एक येतो."

साडू लालबुंद झाले. "ही चालबाजी आहे! वजन कशाला पाहिजे? फुकट देऊन टाका त्याला!"

फुकट देण्याविरुद्ध कायदा नव्हता. तो मसुदा करायचा राहून गेला होता. निरीक्षकांनी बायकोकडे बघितलं. बायकोने खिडकीकडे बघितलं, जिचं माप तिने दोनदा घेतलं होतं. मग दोरीला लटकलेल्या खोक्याकडे. मग नवऱ्याकडे, ज्याची दाढी आजही अर्धीच झाली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "यांनी शब्द दिला तो भंगारवाल्याला द्यायचा. भंगार विकतात, वाटत नाहीत. तुम्ही तुमच्या दुकानातली फुटकी फरशी तरी कधी कुणाला फुकट दिलीत का?"

"फुटकी?" मेहुणी म्हणाली. "फुटक्या सगळ्या आमच्याच न्हाणीघरात लावल्यात."

मग जेवणं झाली. साडूंनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. भंगारवाला मात्र पोटभर जेवला आणि गुरुवारचा पत्ता लिहून घेऊन गेला.

सगळे गेल्यावर निरीक्षकांनी खोकं पुन्हा टेबलावर ठेवलं, वायर लावली, बटण दाबलं. दिवा, घरघर, आणि तेच उत्तर. ते तसेच बघत बसले. पाठीमागे काहीतरी खरडत आल्याचा आवाज झाला. बायकोने आतून खुर्ची ओढत आणली होती.

"सरका," ती म्हणाली. खिडकीत टेबल आणि खुर्ची मिळून तशी अडचणच झाली. ती बसली, पडद्यावरचं वाचलं, आणि म्हणाली, "तयार नाही तर नाही म्हणतो बिचारा. बनियनवर उभा राहून 'मी तयार आहे' असं तर नाही ना सांगत."

"एखादी तार वगैरे राहिली असेल," निरीक्षक चाचरत म्हणाले. "उघडून बघतो. आत्ता पाचच मिनिटांत..."

तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि आपल्या खुर्चीखाली ठेवला.

"गुरुवारी," ती म्हणाली.